देशी इंजिन घ्यावं की परदेशी? गाडी घेण्याआधी दोन इंजिनांची तुलना कशी करायची

गेल्या दिवाळीनंतर कराडहून मेव्हण्याचा फोन आला. "दाजी, गाडी घ्यायचीय. एवढंच सांगा, जपानी इंजिन घेऊ, जर्मन घेऊ, का आपलं टाटा-महिंद्राचं?"

मी भोसरीत इंजिनाच्या सुट्या भागांच्या तपासणीत बावीस वर्षं काढली आहेत. त्यामुळे घरात कुणी गाडी घ्यायची म्हटली की फोन मलाच येतो, आणि प्रश्नही जवळपास हाच असतो. त्या फोनवर मी दोन तास बोललो. जे बोललो तेच इथे क्रमाने लिहितो, म्हणजे शोरूममध्ये जाताना हाताशी असेल.

आधी आमच्या टेबलावरची एक गोष्ट सांगतो. मशिनिंग झालेला सिलिंडर ब्लॉक आला की तो लगेच मोजत नाही. तपासणीच्या खोलीत २० अंश सेल्सिअसला तो काही तास ठेवतो, कारण गरम धातू फुगलेला असतो आणि खोटं माप देतो. मग बोअर (ज्या गोल भोकात पिस्टन वर-खाली होतो ते) मोजायचं गेज आत उतरवून वर, मध्ये आणि खाली, अशा तीन उंचींवर आणि प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी माप घेतो. फरक काही मायक्रॉनांचा चालतो. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, त्यावरून अंदाज करा. होनिंगनंतर (म्हणजे दगडाने बारीक घासल्यावर) बोअरच्या आतल्या भिंतीवर तिरक्या बारीक रेषांची जाळी दिसते. त्या चरांत ऑइल धरून राहतं, म्हणून पिस्टनच्या रिंगा वर्षानुवर्षं टिकतात. ही जाळी नीट नसेल तर इंजिन ऑइल प्यायला लागतं. आता ड्रॉइंग जर्मनीहून आलेलं असो की पुण्यातच काढलेलं, गेज तेच, मशीन तेच आणि मोजणारी माणसंही तीच. म्हणून "परदेशी इंजिन म्हणजे मजबूत" हे वाक्य मी कधी मान्य केलं नाही. "आता आपलं कुठे कमी नाही" हेही मी डोळे झाकून मान्य करत नाही. दोन्ही तपासून बघायचं.

पहिली पायरी: इंजिनाची कुंडली काढा

कंपनीच्या नावावरून इंजिनाचं गाव कळत नाही. चार गोष्टी वेगवेगळ्या विचारा: आराखडा कुणाचा, ओतकाम आणि जुळणी कुठली, कुठल्या रस्त्यांसाठी बसवलंय (ट्यून केलंय), आणि तुमच्या तालुक्यात ते उघडणार कोण.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे फियाटचं १.३ लिटरचं मल्टिजेट डिझेल. आराखडा इटलीतला. पण आपल्याकडे ते पुण्याजवळ रांजणगावला बनायचं, आणि मारुती तेच इंजिन परवाना घेऊन मानेसरला बनवायची. स्विफ्ट, डिझायर, इंडिका व्हिस्टा, पुंटो, लिनिया, सगळ्यांच्या बॉनेटखाली तेच १२४८ सीसी. स्विफ्टवाला म्हणायचा जपानी, व्हिस्टावाला म्हणायचा टाटाचं. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे धुराचे कडक नियम लागू झाले आणि ते थांबलं. तरी आजही कुठल्याही गावातला मेकॅनिक ते डोळे मिटून उघडतो, कारण लाखो गाड्यांत ते होतं. त्या काळात फियाटची गाडी घेणाऱ्याला खरी मदत झाली ती मारुतीच्या खपाची.

मोठ्या गाड्यांतही तेच. टाटा हॅरियर, जीप कंपास आणि एमजी हेक्टर यांचं २ लिटरचं डिझेल मुळात एकच, फियाटचं, १९५६ सीसी. पण हॅरियर २०१९ मध्ये आली तेव्हा त्यातून १४० पीएस ताकद मिळत होती, आणि २०२० मध्ये १७० पीएस झाली. लोखंड तेच राहिलं, बसवणी (ट्यूनिंग) बदलली. महिंद्राचं एमहॉक डिझेल आपलं म्हणून ओळखलं जातं आणि ते आहेही, पण ते घडवताना ऑस्ट्रियाच्या एव्हीएल या संस्थेची साथ होती. उलट, फोक्सवॅगनचं १ लिटरचं टीएसआय पेट्रोल इंजिन आराखड्याने जर्मन, पण बनतं आपल्या चाकणला. जर्मन किंवा अमेरिकन गाडीतला क्रँकशाफ्टही (पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा) पुण्यात घडवलेला असू शकतो. मुंढव्याची भारत फोर्ज परदेशी कंपन्यांना तो पुरवते. डिझेल इंजेक्टरचे भाग नाशिकला सातपूरच्या बॉशमध्ये बनतात.

परदेशी कंपन्यांची छोटी इंजिनं आपल्या कायद्याच्या मापात कशी बसवलीत तेही बघा. ४ मीटरपेक्षा कमी लांबीची आणि १२०० सीसीपर्यंतची पेट्रोल गाडी, किंवा १५०० सीसीपर्यंतची डिझेल गाडी असेल तर २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी १८ टक्के आहे. त्यापुढे गेलं की ४० टक्के. म्हणून ह्युंदाई आणि मारुतीची छोटी पेट्रोल इंजिनं ११९७ सीसीची, टाटा आणि होंडाची ११९९ सीसीची. ब्रेझा ४ मीटरच्या आत असूनही १४६२ सीसीमुळे वरच्या करात जाते. दोन गाड्यांच्या किमतीतला फरक इंजिनाच्या दर्जाचा समजण्याआधी त्यातला किती कराचा आहे ते काढा.

कुंडली मिळवायची कशी? माहितीपत्रकात इंजिनाचं नाव असतं, ते टिपून घ्या. आरसीवर सीसी आणि इंजिन नंबर असतो. चेसिस नंबरची सुरुवातीची अक्षरं (टाटाची एमएटी, मारुतीची एमए३) गाडी भारतात तयार झाल्याचं सांगतात, पण इंजिन कुठलं ते त्यातून कळत नाही, हे लक्षात ठेवा.

दुसरी पायरी: तुमचा रस्ता कागदावर लिहा

मेव्हण्याला मी विचारलं, "रोज किती चालवणार?" तो म्हणाला, "कराड ते उंब्रज जाऊन-येऊन पस्तीस किलोमीटर. वर्षातून चार वेळा पाटणमार्गे कुंभार्ली घाट उतरून चिपळूण. दिवाळीत पुणे." या तीन वाक्यांत निम्मी निवड झाली. रोज सपाट हायवे, एकटा माणूस, आणि वर्षातून चार घाट. यासाठी डिझेल नको, कारण लहान फेऱ्यांत डिझेलच्या धुराड्यातली काजळी धरणारी जाळी पुरेशी तापत नाही आणि तुंबते. ज्याचा रोज शंभर किलोमीटर हायवे होतो, त्याचं गणित वेगळं.

तिसरी पायरी: माहितीपत्रक वाचायला शिका

लोक पीएस बघतात. तुम्ही टॉर्क (इंजिनाचा फिरवण्याचा जोर) बघा, आणि तो किती आरपीएमला (इंजिनाच्या मिनिटाला किती फेऱ्यांना) मिळतो ते आधी बघा.

तीन साधी, टर्बो (धुराच्या जोरावर इंजिनात जास्त हवा ढकलणारा पंखा) नसलेली १.२ लिटर पेट्रोल इंजिनं घेऊ. टाटा टियागोचं ८६ पीएस आणि ३३०० आरपीएमला ११३ न्यूटन मीटर. ह्युंदाई ग्रँड आय१० निऑसचं ८३ पीएस आणि ४००० ला ११४. नव्या स्विफ्टचं ८२ पीएस आणि ४३०० ला ११२. आकडे बघितले तर तिन्ही सारखीच. पण टाटाचा जोर सातशे ते हजार आरपीएम आधी येतो. घाटात दुसऱ्या गिअरमध्ये ट्रकच्या मागे अडकलात की याचा उपयोग होतो. इंजिन ओरडवावं लागत नाही. मग स्विफ्ट मागे का पडत नाही? कारण तिचं वजन साधारण ९२० किलो आहे. म्हणून टॉर्कला टनातल्या वजनाने भागा: ११२ भागिले ०.९२, म्हणजे टनामागे साधारण १२२. दोन्ही गाड्यांचा हा एक आकडा काढून शेजारी शेजारी ठेवलात तर सेल्समनच्या अर्ध्या तासाच्या बोलण्यापेक्षा जास्त कळेल.

आता टर्बो. टाटा नेक्सॉनचं १.२ लिटर १२० पीएस आणि १७० न्यूटन मीटर देतं, १७५० आरपीएमपासून. फोक्सवॅगनचं १ लिटर ११५ पीएस आणि १७८, तेही १७५० पासूनच. ह्युंदाईचं १ लिटर १२० पीएस आणि १७२. महिंद्राचं १.२ लिटरचं थेट इंजेक्शनवालं एमस्टॅलियन १३० पीएस आणि २३० न्यूटन मीटर. १९९८ साली इंडिका आली तेव्हा कागदावर देशी आणि परदेशी यांत सरळ अंतर दिसायचं. आज ते मिटलंय, आणि २३० चा आकडा बघून मला मनापासून अभिमान वाटतो. फरक उरलाय तो आवाजात, थरथरीत आणि हजार ते दोन हजार आरपीएमच्या मधल्या वागण्यात. तो कागदावर दिसत नाही.

या पायरीवर आणखी एक गोष्ट बघा: पेट्रोल कुठे फवारलं जातं. नेक्सॉनच्या १.२ मध्ये ते व्हॉल्व्हच्या बाहेर, मॅनिफोल्डमध्ये (हवा आत नेणाऱ्या नळीत) फवारलं जातं. फोक्सवॅगन, ह्युंदाई टर्बो आणि महिंद्राच्या या इंजिनात ते थेट सिलिंडरमध्ये, मोठ्या दाबाने जातं. थेट फवाऱ्याने ताकद आणि अ‍ॅव्हरेज दोन्ही सुधारतं. पण पेट्रोलने व्हॉल्व्ह धुतले जात नाहीत, म्हणून काही वर्षांनी त्यांच्यावर कार्बन बसू शकतो, आणि मोठ्या दाबाचा पंप महाग असतो. पुण्या-मुंबईत राहणाऱ्याने याची फार चिंता करू नये. जिथून सर्व्हिस सेंटर ऐंशी किलोमीटर लांब आहे तिथे मी साधं इंजिन घेईन, कंपनी कुठलीही असो.

चौथी पायरी: अ‍ॅव्हरेज स्वतः काढा

आपल्याकडचा अ‍ॅव्हरेजचा आकडा रोलरवर गाडी चालवून, ठरलेल्या वेगांच्या आलेखावर काढतात. त्या आलेखात वेग ताशी ९० किलोमीटरच्या वर जात नाही, एसी बंद असतो. पुण्यातल्या एआरएआय या वाहनं तपासणाऱ्या संस्थेचं नाव या आकड्याला चिकटलंय, आणि चाचणी प्रामाणिक असते. फक्त ती तुमच्या रस्त्यावरची नसते. दोन गाड्यांची तुलना करायला तो आकडा चालतो, खर्चाचा हिशोब मांडायला नाही.

खरा आकडा असा काढा. ज्याच्याकडे तीच गाडी आहे असा ओळखीचा माणूस शोधा. एकाच पंपावर, एकाच नोझलने, पहिला 'टक' आवाज येईपर्यंत टाकी भरा. त्यानंतर थेंबही ओतून घेऊ नका. ट्रिप मीटर शून्य करा. रोजच्यासारखी गाडी चालवा आणि पुन्हा तिथेच, तसंच भरा. माझ्या गाडीची गेल्या महिन्यातली नोंद: ४१२ किलोमीटर, २४.६ लिटर, म्हणजे १६.७५. पेट्रोल १०४ रुपये धरलं तर किलोमीटरला सहा रुपये वीस पैसे. असं तीन वेळा करा आणि सरासरी घ्या. एका टाकीवर निर्णय घेऊ नका.

आता २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल सगळीकडे आलंय. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा ऊर्जा साधारण एक तृतीयांश कमी असते, म्हणून थोडं अ‍ॅव्हरेज जाणारच. २०२१ च्या नीती आयोगाच्या आराखड्यात जुन्या, १० टक्क्यांसाठी बसवलेल्या चारचाकींना ६ ते ७ टक्के आणि २० टक्क्यांसाठी बसवलेल्या गाड्यांना १ ते २ टक्के घट धरली होती. जुनी गाडी घेत असाल तर पेट्रोलच्या झाकणाच्या आत आणि मालकाच्या पुस्तिकेत कुठलं इंधन चालतं ते वाचा. यात देशी-परदेशी असा भेद नाही, गाडी कुठल्या वर्षाची आहे एवढाच प्रश्न आहे.

पाचवी पायरी: टेस्ट ड्राइव्ह, पण आपल्या पद्धतीने

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची, आणि लोक इथेच घाई करतात. शोरूमची गाडी आधीच गरम करून ठेवलेली असते. आदल्या दिवशी सांगून ठेवा: "सकाळी पहिल्यांदा मी येतो, मी येईपर्यंत चालू करू नका." गेल्यावर बॉनेटवर तळहात ठेवा. गार असेल तरच पुढे जा.

काच खाली करून चालू करा. पहिल्या दहा सेकंदांत खटखट आली आणि ऑइल चढल्यावर थांबली तर काळजी नाही. पण ती तशीच राहिली तर विचारा. मग अर्धी भरलेली पाण्याची बाटली इंजिनाच्या वरच्या प्लॅस्टिकच्या झाकणावर उभी करा आणि पाण्याकडे बघा. तीन सिलिंडरच्या इंजिनात पाणी थरथरणारच. तो त्याचा स्वभाव आहे. देशी-परदेशी इंजिनांतला फरक मला इथे सगळ्यात स्पष्ट दिसतो. काही गाड्यांत पाण्यावर बारीक वलयं उठतात, काहींत बाटली हळूहळू सरकते. आता एसी लावा. कॉम्प्रेसर सुरू होताना आरपीएम किती खाली जातो आणि किती झटकन सावरतो ते बघा. बाटली काढून बॉनेट बंद करा आणि मग निघा.

गाडीत चार माणसं बसवा. एकट्याने चालवलेली गाडी नेहमीच चांगली वाटते. स्पीडब्रेकरवर दुसऱ्या गिअरमध्ये, पहिला न टाकता, १२०० आरपीएमवरून उचलते का बघा. टर्बो गाडी इथे एक श्वास घेते आणि मग एकदम ओढते; तो श्वास किती लांब आहे ते मनात मोजा. मेव्हण्याने दोन गाड्या उंब्रजच्या पुलाखालून अशाच काढल्या. एकीत तो म्हणाला, "दाजी, ही विचार करून चालतेय." मला त्यातून सगळं कळलं. मग चौथ्या गिअरमध्ये ४० वरून ८० पर्यंत जायला किती सेकंद लागतात ते शेजारच्याला मोबाइलवर मोजायला लावा. दोन्ही गाड्या त्याच रस्त्यावर, त्याच माणसांसह, एकाच दिवशी चालवा. शक्य असेल तर एखादा चढ घ्या.

परतल्यावर इंजिन दोन मिनिटं चालू ठेवून एसी वाढवा. तापमानाचा काटा हलतो का, पंखा किती वेळाने थांबतो ते बघा. आपल्या मे महिन्याच्या उन्हात हे लागतं.

सहावी पायरी: पुढच्या दहा वर्षांचा खर्च

माझ्या आधीच्या गाडीचं इंजिन उत्तम होतं, आजही म्हणतो. पण क्रँकचा एक छोटा सेन्सर गेला आणि तो यायला सतरा दिवस लागले. सतरा दिवस गाडी दारात उभी. त्या दिवसांत मी शिकलो की सुटा भाग किती दिवसांत मिळतो, हेही इंजिनाच्या दर्जातच धरायचं.

म्हणून सर्व्हिस सेंटरला जाऊन (शोरूममध्ये नाही, मागे, जिथे गाड्या उघडतात तिथे) या भागांच्या किमती आणि मिळायला लागणारे दिवस लिहून घ्या: क्रँक सेन्सर, पाण्याचा पंप, इंजेक्टर, टर्बो, क्लच प्लेट. टायमिंग चेन आहे की बेल्ट तेही विचारा. सुझुकीच्या के-सिरीजमध्ये आणि ह्युंदाईच्या १.२ कप्पा इंजिनात चेन आहे. फोक्सवॅगनच्या १ लिटर टीएसआयमध्ये बेल्ट आहे. बेल्ट असला म्हणजे इंजिन वाईट नाही, पण तो किती किलोमीटरला तपासायचा आणि बदलायचा हे पुस्तिकेत बघून खर्चात धरा. ऑइलची प्रतही बघा. टर्बो इंजिनात पुस्तिकेत लिहिलेलंच ऑइल घाला; नाक्यावरचं स्वस्त ऑइल घालून वाचवलेले हजार रुपये टर्बो परत मागतो.

कंपनी इथे टिकेल का, हा प्रश्नही विचारा. फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये भारतातलं उत्पादन थांबवत असल्याचं जाहीर केलं. इंजिनं चांगली होती, मालक आजही प्रेमाने चालवतात, पण सर्व्हिसची चिंता त्यांच्या मागे लागली. याउलट मारुती, टाटा आणि महिंद्राच्या इंजिनांचा फार मोठा फायदा म्हणजे पाटणच्या बाजारातला मेकॅनिकही ती ओळखतो. तुमच्या गावातल्या मेकॅनिकला इंजिनाचं नाव सांगा. त्याने "आणा, बघू" म्हटलं तर ठीक. तो गप्प झाला तर विचार करा.

जुनी गाडी घेत असाल तर

इथे देश विसरा, फक्त हेच इंजिन बघा. गार असताना चालू करायला लावा. ऑइलचं झाकण काढून त्यावर दुधासारखा थर आहे का बघा. असेल तर कूलंट ऑइलमध्ये मिसळत असण्याची शक्यता आहे. सायलेन्सरमधून निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. सर्व्हिसची पावती मागा, तोंडी इतिहास नको. काही इंजिनं फार थोडा काळ विकली गेली, जसं मारुतीचं १.५ लिटरचं डिझेल, जे २०१९ मध्ये आलं आणि बीएस-६ लागू होताच थांबलं. अशी गाडी स्वस्तात मिळाली तर भागांची चौकशी आधी करा, सौदा नंतर.

मेव्हण्याचं काय झालं?

त्याने कागदावर दोन रकाने केले. टर्बोची गाडी चालवायला त्याला जास्त आवडली होती, हे त्याने मोकळेपणाने सांगितलं. पण रोजचे पस्तीस किलोमीटर, सपाट रस्ता आणि कराडमधला ओळखीचा मेकॅनिक बघून त्याने टर्बो नसलेलं १.२ लिटर पेट्रोल घेतलं. जोर लवकर देणारं, ३३०० आरपीएमवालं. फेब्रुवारीत तो चार माणसं आणि दोन पोती तांदूळ घेऊन चिपळूणहून कुंभार्ली चढला. वर पोचल्यावर त्याने फोन केला: "दाजी, दुसऱ्यात आली सगळी. एसी मात्र बंद करावा लागला शेवटच्या वळणांवर." मी त्याला टाकी भरून घ्यायला आणि ट्रिप मीटर शून्य करायला सांगितलं. पहिली नोंद १७.१ आली. अजून दोन टाक्या व्हायच्या आहेत.